घरातल्या कुत्र्याचा कान दुखतो तेव्हा

रक्तदाब मोजून झाला, औषधे समजावून झाली, की चपला घालता घालता रुग्ण जो प्रश्न विचारतात तो बहुधा त्यांच्या मनातला खरा प्रश्न असतो. काही वर्षांपूर्वी एका निवृत्त मुख्याध्यापकांनी असेच दाराशी थबकून विचारले, "बाई, आमच्या मोतीच्या कानाला वास येतो आहे. घालायला काही थेंब लिहून देता का?" सरांचे वय तेव्हा 78. मुले परगावी, पत्नीचे गुडघे थकलेले, आणि दिवसभर पायांशी बसून सोबत करणारा जीव म्हणजे लांब कानांचा, 11 वर्षांचा मोती. बाहेर रुग्णांची रांग होती. माणसांच्या कानासाठी नेहमी वापरले जाणारे एक औषध मी चिठ्ठीच्या कोपऱ्यात लिहून दिले. शेवटी कान तो कान, इतकाच विचार त्या क्षणी मी केला.

बारा दिवसांनी सर उजव्या हाताला टॉवेल गुंडाळून आले. थेंब घालताना मोती चावला होता. 11 वर्षांत पहिल्यांदाच. सरांना रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू होती आणि टॉवेल रक्ताने भिजला होता. मी जखम धूत असताना ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "त्याची चूक नाही हो, मीच जोर केला."

दुसऱ्या दिवशी मोतीला पशुवैद्यकांकडे नेले, तेव्हा त्याची मान एका बाजूला कललेली होती आणि चालताना तो भिंतीचा आधार घेत होता. त्याच्या कानाचा पडदा फाटलेला होता. मी लिहून दिलेल्या थेंबांत जेंटामायसिन हे प्रतिजैविक होते. फाटलेल्या पडद्यातून ते आत उतरले, तर ऐकण्याचे आणि तोल सांभाळण्याचे काम करणाऱ्या अंतर्कर्णाला इजा करू शकते. माणसाच्या कानातही पडदा पाहिल्याखेरीज असे थेंब देऊ नयेत, हे मला विद्यार्थिदशेपासून ठाऊक होते. कुत्र्याच्या बाबतीत मात्र कान न पाहता मी औषध लिहिले. मुळात प्राण्यावर उपचार करण्याचा अधिकार आपल्या देशात 1984 च्या कायद्यान्वये नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे. सरांनी मला कधीही दोष दिला नाही, आणि म्हणूनच ती चिठ्ठी मी विसरू शकलेले नाही.

त्यानंतर हा विषय मी पशुवैद्यकांकडून समजून घेतला. ज्येष्ठांच्या घरी कुत्रा असणे आता नवलाचे राहिलेले नाही, आणि कानाचे दुखणे हे कुत्र्याला डॉक्टरकडे नेण्याच्या नित्याच्या कारणांपैकी एक आहे. म्हणून येथे सविस्तर लिहिते.

मळ नव्हे, आजार

माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब आणि बरीचशी आडवी असते. कुत्र्याची नळी त्याहून पुष्कळ लांब. ती आधी उभी खाली उतरते आणि मग काटकोनात वळून पडद्याकडे जाते. खोल विहिरीला तळाशी आडवे भुयार असावे, तशी ही रचना आहे. आत गेलेले पाणी, सुटलेली त्वचा आणि स्रवलेला मळ यांना वर येण्यासाठी चढण चढावी लागते. वरून लोंबता कान झाकणासारखा बसला, की आत ऊब आणि ओल साचून राहते. कॉकर स्पॅनियल किंवा लॅब्रॅडोर यांसारख्या लोंबत्या कानांच्या जातींना आणि कानात दाट केस असणाऱ्या पूडलला हा त्रास अधिक होतो. आपल्याकडचा पावसाळा त्यात भर घालतो.

तरीही निरोगी कान स्वतःला स्वच्छ ठेवतो. नळीतील त्वचा पडद्याकडून बाहेरच्या दिशेने हळूहळू सरकत असते आणि मळ आपल्यासोबत आणते. दर्शनी भागात थोडासा फिकट तपकिरी मळ दिसला, वास नाही, लाली नाही, तर त्या कानाला हात लावू नये. स्वच्छतेच्या हौसेने रोज कान पुसणाऱ्या घरांतही कान बिघडतात, कारण पुसण्याने आतली नाजूक त्वचा सोलवटते आणि सततच्या ओलाव्याने मऊ पडते.

आजारी कान वेगळा दिसतो. कुत्रा वारंवार डोके झटकतो, मागच्या पायाने कान खाजवतो, कान जमिनीवर किंवा सोफ्याच्या कडेवर घासतो. कानाच्या मुळाशी हात लावताच कण्हतो किंवा दूर सरकतो. आतली त्वचा लाल, सुजलेली, जुनाट आजारात जाड आणि खरखरीत होते. तपकिरी, चिकट, आंबूस वासाचा मळ असेल तर बुरशीची शंका येते. पिवळसर-हिरवट, पातळ आणि दुर्गंधी स्राव असेल तर जिवाणूंची. परंतु रंग आणि वास यांवरून औषध ठरवता येत नाही. डोके फार झटकल्याने कधी कानाच्या पाळीत रक्त साकळते आणि ती उशीसारखी फुगते. मान कलणे, तोल जाणे, डोळ्यांची बुबुळे आपोआप हलत राहणे किंवा हाकेला प्रतिसाद न देणे ही आजार आत पोहोचल्याची चिन्हे आहेत. अशा वेळी दोन दिवस वाट पाहू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

येथे ज्येष्ठांच्या बाबतीत एक अडचण असते. वयानुसार आपली वासाची जाणीव मंदावते आणि ते आपल्याला कळतही नाही. सरांच्या घरी मोतीच्या कानाचा वास प्रथम कोणाला आला? सुटीत आलेल्या नातीला! सरांना आणि त्यांच्या पत्नीला तो कितीतरी दिवस आलाच नव्हता. तेव्हा घरी येणारी मोलकरीण, नातवंडे, शेजारी यांपैकी कोणी "याला वास मारतो आहे" असे म्हणाले, तर राग मानू नये. शिवाय आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, उजेडात बसून दोन्ही कानांच्या पाळ्या उलटून पाहाव्यात आणि एका कानाची दुसऱ्याशी तुलना करावी. एवढी तपासणी पुरते.

बुरशी आणि जिवाणू हे बहुतेक वेळा मूळ कारण नसतात. ते त्वचेवर एरवीही थोड्या संख्येने राहतात आणि संधी मिळताच वाढतात. संधी देणारे कारण शोधले नाही, तर कान बरा होतो आणि महिन्याभरात पुन्हा वाहू लागतो. सर्वांत जास्त आढळणारे कारण म्हणजे ॲलर्जी: धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची, परागकणांची किंवा एखाद्या अन्नघटकाची. असा कुत्रा पंजेही चाटत असतो, पोट आणि काखा खाजवतो. पण काहींमध्ये केवळ कानच बिघडतात. लहान पिलाच्या कानात कॉफीच्या पुडीसारखा काळा, कोरडा मळ असेल तर कानातल्या सूक्ष्म किडींचा संशय घ्यावा लागतो, आणि मग घरातल्या मांजरासह सर्वच प्राण्यांवर उपचार करावे लागतात. पाऊस सरल्यावर गवत वाळते. माळावरून फिरून आलेला कुत्रा अचानक एकाच कानाने हैराण झाला, तर आत कुसळ शिरले असण्याची शक्यता मोठी. कुसळाची रचनाच अशी, की ते पुढेच सरकते. गोचीडही कानात ठाण मांडून बसते. वयस्क कुत्र्यात एकाच कानाचे दुखणे हटत नसेल, तर आत गाठ आहे का हे पाहावे लागते. थायरॉइड ग्रंथी मंदावणे हेही एक कारण असते.

पशुवैद्यक काय करतात हे माहीत असले, की तेथे जाणे वायफळ खर्च वाटत नाही. ते उजेडाच्या नळीने आत पाहतात, पडदा शाबूत आहे का हे शोधतात आणि कापसाच्या काडीने थोडा मळ काचपट्टीवर घेऊन, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. काही मिनिटांत बुरशी की जिवाणू, आणि किती, हे कळते. औषध त्यावर ठरते. यासाठीच दवाखान्यात नेण्यापूर्वी घरी कान धुऊन नेऊ नये. धुतलेल्या कानात पाहण्यासारखे काही उरत नाही. नळी सुजून बंद झाली असेल, तर आधी काही दिवस सूज उतरवण्याचे औषध देतात, आणि कान फारच दुखरा असेल तर भूल देऊन खोलवर धुतात. पोटात घेण्याच्या गोळ्यांपेक्षा थेट कानात घालायचे औषध नळीत अधिक प्रमाणात पोहोचते. त्यामुळे "थेंब नकोत, गोळी द्या" हा आग्रह पशुवैद्यक सहसा मान्य करत नाहीत. थेंब रोज घालणे घरी शक्यच नसेल, तर तसे मोकळेपणाने सांगावे. दवाखान्यातच घालून घेता येईल असा एखादा पर्याय आहे का, हे विचारावे.

औषध सांगितलेल्या मुदतीपर्यंत घालावे. तीन-चार दिवसांत खाज थांबते, वास जातो, आणि बाटली कपाटात जाते. माणसांच्या प्रतिजैविकांचेही आपण नेमके हेच करतो! कान बरा दिसणे आणि बरा असणे यांत अंतर असते, म्हणून मुदत संपताना पुन्हा एकदा काचपट्टीची तपासणी करून घ्यावी. अर्धवट उपचारांनी नळी जाड होत जाते आणि शेवटी नळीच शस्त्रक्रियेने काढून टाकण्याची वेळ येऊ शकते. खासगी उपचार परवडत नसतील, तर तालुक्याच्या ठिकाणी शासकीय पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे.

कान धुणे

पशुवैद्यकांनी कान पाहून धुण्यास सांगितले असेल, तरच घरी धुवावा. किती वेळा, हेही त्यांनीच सांगावे. आजारात कधी रोज, कधी आठवड्यातून दोन-तीनदा धुवावा लागतो. पुढे ॲलर्जीच्या कुत्र्याला आठवड्या-पंधरवड्यातून एकदा पुरते.

द्रावण त्यांनी दिलेलेच वापरावे. बाटली आधी काही मिनिटे कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवावी. थंडगार द्रव कानात गेला की माणसालाही गरगरते, कुत्र्याला का आवडेल? लहान कुत्रा असेल तर त्याला टेबलावर, पायांखाली न घसरणारे जाजम घालून उभे करावे. मोठा असेल तर त्याची पाठ भिंतीच्या कोपऱ्याकडे करावी आणि आपण स्टुलावर बाजूला बसावे. खाली वाकून किंवा उकिडवे बसून हे काम साठीनंतर कोणी करू नये. कुत्र्याने झटका दिला की तोल आपला जातो आणि खुब्याचे हाड मोडते. दुसरे माणूस हवेच. त्याने कुत्र्याचे डोके हलक्या हाताने धरावे आणि उकडलेल्या कोंबडीचा तुकडा किंवा बोटभर दही चाटवत राहावे.

पाळी हळूच वर, सरळ उभी धरावी, म्हणजे नळी थोडी सरळ होते. बाटलीचे टोक आत न खुपसता नळी भरेल इतके द्रावण ओतावे. मग कानाच्या मुळाशी, गालाच्या मागे, जेथे नळी बोटांना कडक लागते, तेथे अर्धा मिनिट हलके चोळावे. पचपच असा आवाज आला की समजावे, द्रव खाली पोहोचून मळ सुटतो आहे. आता हात काढून बाजूला सरकावे आणि कुत्र्याला डोके झटकू द्यावे. हे झटकणे खरे साफ करणारे आहे. विहिरीच्या तळाचा गाळ त्यानेच वर येतो. भिंतींवर शिंतोडे उडतील, म्हणून हे काम न्हाणीघरात किंवा अंगणात करावे. वर आलेला मळ बोटाभोवती गुंडाळलेल्या कापसाने पुसावा, बोट सहज जाईल तेवढेच. पुन्हा एकदा हेच करावे. औषधाचे थेंब नंतर, कान थोडा कोरडा झाल्यावर घालावेत. पू आणि मळ यांच्या थरावर घातलेले काही औषध निकामी होते, काही पोहोचतच नाही. दुसऱ्या कानासाठी कापूस नवा घ्यावा.

कानकाडीने मळ निघत नाही, वळणापाशी ठासला जातो. हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, व्हिनेगर यांनी सोललेल्या त्वचेची आग होते, आणि एकदा आग झाली की पुढच्या वेळी कुत्रा बाटली पाहूनच पळतो. माणसांच्या कानातला मळ मऊ करणाऱ्या काही थेंबांत टर्पेंटाइन असते, तेही वर्ज्य. कोमट तेलाविषयी ज्येष्ठांशी माझा नेहमी वाद होतो. "आमच्या आईने आम्हां सर्वांच्या कानात तेल घातले, काय झाले?" या प्रश्नाला माझ्याजवळ चटकन उत्तर नसते. एवढे मात्र खरे, की दुखऱ्या, वाहत्या कानात तेलाने मळ आणि ओल कोंडून राहते आणि पशुवैद्यकाला पडदा दिसेनासा होतो. हळद-तेलाचेही तेच. कानात अळ्या पडल्या तर घरगुती रॉकेल किंवा फिनाईल मुळीच घालू नये. ती दवाखान्यात भूल देऊन साफ करण्याची जखम आहे.

वयस्क कुत्र्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मनाची तयारी म्हणून सांगते. योग्य औषधानेही क्वचित काही कुत्र्यांना कमी ऐकू येऊ लागते, बहुधा म्हाताऱ्या कुत्र्यांना, आणि पुष्कळदा तात्पुरते. असे वाटले तर थेंब थांबवून पशुवैद्यकांना त्याच दिवशी कळवावे.

सांभाळणाऱ्याचा हात

आता माझ्या कक्षेतले. कुत्र्याच्या कानातली बुरशी किंवा जिवाणू निरोगी माणसाला सहसा त्रास देत नाहीत. परंतु मधुमेह, कर्करोगावरील उपचार, स्टेरॉइडच्या गोळ्या यांमुळे ज्यांची प्रतिकारशक्ती उणावली आहे किंवा ज्यांच्या हातावर चिरा-भेगा आहेत, त्यांनी पातळ रबरी हातमोजे घालावेत. सर्वांनीच नंतर साबणाने हात धुवावेत आणि मळाचा कापूस लगेच बंद पिशवीत टाकावा.

मला याहून अधिक धास्ती वाटते ती औषधांच्या फडताळाची. काचबिंदूचे थेंब, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरचे थेंब आणि कुत्र्याच्या कानाचे थेंब, तिन्ही बाटल्या सारख्याच आकाराच्या, सारख्याच पांढऱ्या. पहाटे अंधारात, चष्मा न लावता, हाताला येईल ती बाटली डोळ्यात जाते. कानाचे औषध डोळ्यासाठी बनवलेले नसते. प्राण्याची औषधे वेगळ्या खोलीत, वेगळ्या डब्यात ठेवावीत आणि बाटलीभोवती दोन रबरबँड गुंडाळावेत, म्हणजे बोटांनाही कळते. चुकून डोळ्यात गेलेच, तर स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा पंधरा मिनिटे धुवावा आणि बाटली सोबत घेऊन नेत्रतज्ज्ञाकडे जावे. उघडलेली जुनी बाटली पुढच्या वर्षीसाठी जपून ठेवू नये.

आणि चावा. दुखरा कान धरला की शांत कुत्राही चावतो. ओठ चाटणे, डोळ्यांचे पांढरे दाखवणे, अंग ताठ करणे, हलकेच गुरगुरणे या त्याच्या सूचना असतात. त्या दिसल्या की हात काढून घ्यावा. त्या दिवशी औषध राहिले तरी चालेल, दुसऱ्या दिवशी पशुवैद्यकांना विचारून तोंडबंद वापरावा किंवा दवाखान्यात थेंब घालून घ्यावेत. ज्यांचे हात थरथरतात, त्यांनी थेंब घालण्याचे काम स्वतःकडे घेऊ नये.

चावलाच, तर बोटातली अंगठी आणि हातातल्या बांगड्या तत्काळ काढाव्यात. सूज आल्यावर त्या कापाव्या लागतात. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे, घड्याळ पाहून धुवावी. हळद, चुना, मिरची यांतले काही लावू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर स्वच्छ कापडाने सलग दहा-पंधरा मिनिटे दाब द्यावा, मध्ये उचलून पाहू नये, आणि गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. मग त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे, जखम बारीक असली तरी. कुत्र्याचा दात अरुंद आणि खोल जातो. हाताच्या जखमेत वरून दोन टिकल्या दिसतात आणि आत स्नायूबंधांच्या आवरणात पू होतो. मधुमेह्यांत तर हे फार वेगाने होते. धनुर्वाताची लस, प्रतिजैविक आणि जखम उघडी ठेवायची की शिवायची, हे डॉक्टर ठरवतील.

रेबीजविषयी संकोच करू नये. "आमचाच कुत्रा आहे, त्याला लस दिलेली आहे," असे सांगणारे रुग्ण मला दर महिन्याला भेटतात. त्याच्या लसीची वही सोबत आणावी, पण आपली लस सुरू करण्याचा निर्णय डॉक्टरवर सोडावा. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवावेच. तथापि ते दिवस संपेपर्यंत लस लांबवणे चुकीचे आहे. हा आजार एकदा दिसू लागला की जवळजवळ निश्चित मृत्यू येतो, आणि त्याआधी घेतलेल्या लसीने तो टळतो. शासकीय रुग्णालयांत ही लस विनामूल्य मिळते. खोल जखमेत लसीबरोबरच जखमेभोवती टोचायचे प्रतिद्रव्यही द्यावे लागते.

सरांनी लसीचे सगळे डोस वेळेवर घेतले. तळहाताची जखम भरायला पाच आठवडे लागले. करंगळी अजून पूर्ण मिटत नाही. मोतीच्या कानावर दीड महिना उपचार चालले, थेंब घालायला कंपाउंडरचा मुलगा रोज संध्याकाळी घरी जात असे. त्याचा तोल बराचसा सावरला, डाव्या कानाने मात्र पुन्हा ऐकू आले नाही आणि मान थोडी कललेलीच राहिली. त्याला बोलावायचे झाले, की सर काठीने फरशीवर दोनदा टकटक करत. त्या थरथरीने तो उठून येई.